ॲम्ब्युलन्सचा डावा दिवा

नरेशने ॲम्ब्युलन्स माझ्या दुकानासमोर लावली, दिवे चालूच ठेवले आणि मला हाताला धरून पुढे नेलं. "बल्ब नवा हाय भाय. पन रस्ता दिसत न्हाय."

आगरदांड्याच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. ही ॲम्ब्युलन्स एका ठेकेदार कंपनीची, आणि नरेश पाटील तिच्यावर ड्रायव्हर. संध्याकाळ होत आली होती. उजवा दिवा रस्त्यावर नीट पडत होता. डावा मात्र पिवळट, आणि त्याचा झोत समोरच्या माडाच्या शेंड्यात.

डावा बल्ब गेल्यावर नरेशने कंपनीला कळवलं होतं. पनवेलहून मेकॅनिक येईल, असं उत्तर मिळत राहिलं. शेवटी त्यानेच बल्ब आणून बसवला. आदल्या रात्री बाळंतपणाची केस घेऊन तो अलिबागला निघाला. काशीदच्या पुढे वळणावर रस्त्यात गुरं बसलेली. ती अगदी जवळ आल्यावर दिसली. त्यानंतर बाईचा नवरा खिडकीतून हात बाहेर काढून मोबाईलच्या बॅटरीने रस्त्याची कड दाखवत बसला. पोचले, पण फार उशिरा. बाई वाचली, मूल नाही. उशिरामुळेच गेलं का, हे डॉक्टर सांगू शकले नव्हते. नरेशने सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी दिव्याच्या मागचं रबर काढलं. या बल्बच्या कड्याला तीन कान असतात. रुंद कान वर, बाकीचे दोन खाली, आणि वरून तारेची क्लिप. तसा बसला तरच आतली तार आरशाच्या बरोबर मध्यावर येते. इथे बॅटरीमुळे हात आत जात नाही, त्यामुळे एक कान खाचेबाहेर राहिला होता आणि क्लिप लटकत होती. बल्ब तिरका म्हणजे झोत फाटलेला. त्यात नरेशने झोत खाली आणायला मागचे स्क्रू फिरवून पाहिले होते. त्याने गोंधळ आणखी वाढला.

बल्ब सरळ बसवला. झोत एकत्र आला, पण पिवळाच. बल्ब पेटता ठेवून होल्डरवर मीटर लावला, तर बॅटरीच्या मानाने करंटचा दाब बराच कमी. होल्डर आतून वितळलेला होता आणि अर्थची वायर, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची वायर, खाऱ्या हवेने हिरवी पडलेली. आमच्याकडे समुद्राकाठी हे नेहमीचं. होल्डर बदलला, वायर कापून नवी जोडली, बॉडीवरचा गंज घासला. दिवा पांढरा झाला.

राहिली लेव्हल. सपाट जागेत गाडी भिंतीसमोर लावायची, बल्बच्या उंचीवर खडूने रेघ मारायची. डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या, उजेडाची वरची कड त्या रेघेच्या जरा खाली हवी, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. मात्र मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं. म्हणून दुकानात थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांना मागे बसवलं. त्यातला एक स्ट्रेचरवर बसायला तयार होईना, खाली बसला. मी स्क्रू फिरवून झोत जागेवर आणला.

वितळलेला होल्डर नरेशने हातात घेऊन बराच वेळ पाहिला. अशीच दुसरी गाडी म्हसळ्याकडे चालते, तिचाही एक दिवा पिवळा आहे, असं तो म्हणाला. मग त्याने होल्डरचा फोटो काढला आणि कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. बल्ब कसा बसवायचा, काय तपासायचं, सगळं लिहिलं. दिव्यापायी आपल्याला पोचायला उशीर झाला, हेही लिहिलं.

काही दिवसांनी कंपनीचे सुपरवायझर सावंत त्याच गाडीतून, नरेशला घेऊन, माझ्याकडे आले. त्यांनी गाडी भिंतीसमोर लावून स्वतः पाहिली, रबर काढून आत पाहिलं. माणूस जाणकार होता. काम उत्तम झालंय म्हणाले. मग नरेशला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. नरेश दुकानाच्या गेटापर्यंत गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

सावंतांनी मला सांगितलं की ड्रायव्हरने दिवा उघडणं, बाहेरच्या माणसाकडून काम करून घेणं नियमात बसत नाही. नरेशची पोलादपूरला बदली करतायत. मी म्हटलं, नियम तुमच्या मेकॅनिकला नाही का, तो तर आलाच नाही.

"मला कळतं हो," ते म्हणाले. "दिवा उघडला, हे मी मिटवलं असतं. उशीर का झाला हे त्याने लिहायला नको होतं. आता ते मूल कंपनीच्या नावावर येतं."

त्यांनी रबर परत नीट बसवलं, हात पुसले आणि निघून गेले.

नरेशची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून पोलादपूरला जाणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने नोकरी सोडली. जवळपास दुसरं काम मिळेना, म्हणून शेवटी आईला शेजाऱ्यांवर सोपवून आता उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवतो, रविवारी घरी येतो. म्हसळ्याच्या गाडीचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, "ग्रुपमधून काढलाय मला, काय म्हाईत."

त्या ॲम्ब्युलन्सवर आता दुसरा ड्रायव्हर आहे. परवा तो समोरच्या टपरीवर चहाला थांबला, तेव्हा उजवा दिवा बंद दिसला. मी जवळ जाऊन म्हटलं, आण इकडे, अर्ध्या तासाचं काम आहे.

"नको चाचा," तो म्हणाला. "बंद राहिला तर कंपनीचा दिवा बंद. उघडला तर माझी नोकरी बंद."

तेव्हा वाचणाऱ्यांसाठी एवढंच. नवा बल्ब टाकूनही उजेड कमी वाटला, तर आधी बल्ब खाचेत बसलाय का बघा. मग होल्डर आणि अर्थ. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं गाडी स्वतःची असेल तरच.