दोन मिनिटं आणि आमचा साउंड

पुसदच्या आमच्या कराओके ग्रुपवर रोज सकाळी एक मेसेज पडते. आज कोणत्या गायकाचा जन्म, कोणाची पुण्यतिथी, कोणतं गाणं या दिवशी रेकॉर्ड झालं. हे वेड आमच्या ह्यांनी लावलं. ऑफिसला जायच्या घाईत चहा निवून जाये, पण मेसेज टाकल्याशिवाय हे कप उचलत नव्हते. मोठ्या गायकाची पुण्यतिथी असली की सभागृहात कार्यक्रम. फोटोले हार, दोन मिनिटं उभं राहणं, मग गाणी. स्पीकर, मिक्सर, सगळा साउंड आमच्या घरचा.

मागच्या वर्षी हे गेले. अन् गेले तेही कोणत्या दिवशी? ज्या गायकावर जन्मभर जीव टाकला, त्याच्याच पुण्यतिथीले. लोक म्हणे, काय भाग्य! डोंबलाचं भाग्य!

यंदा तिथीनं श्राद्ध आधीच झालं होतं. तारखेच्या आदल्या दिवशी ग्रुपचे अध्यक्ष घरी आले.

"वहिनी, उद्या कार्यक्रम आहे. भाऊंचा साउंड लागते."

मी म्हटलं, "न्या. फक्त ह्यांचा फोटो बाजूले ठेवा, अन् एक गाणं ह्यांच्यासाठी म्हणा."

"हो ना वहिनी, हे काय सांगा लागते!"

दुसऱ्या दिवशी गेली तर टेबलावर फोटो एकच. त्या गायकाचा. त्याच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मी माझ्या माणसासाठी उभी राहिली. मग गाणी सुरू झाली ती थांबेचनात. शेवटी अध्यक्षांजवळ जाऊन विचारलं, "ह्यांच्या गाण्याचं काय?"

"वहिनी, आज मोठ्या माणसाचा दिवस. मधातच रडारड कायले? कार्यक्रमाचा मूड जाते."

रडारड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं तुम्हाले माइक कसा धरायचा ते शिकवलं, त्याची आठवण काढली तर मूड जाते काय रे? मी सरळ स्टेजवर चढली अन् मिक्सरची वायर उपटली. गाणारा आ वासून तसाच उभा.

"आमचा आहे," मी म्हटलं. "घेऊन चालली."

मग मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी कुरकुरलं, "आज भाऊ असते तर असं झालं नसतं."

त्या संध्याकाळी ह्यांची आठवण निघाली, ती एवढीच.