बिनरंगाचे दहा झिंगे

फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मी नंदाच्या झिंग्यांच्या काचपेटीत पाणी घालत होते. तिचा मुलगा सुहास दवाखान्यातून म्हणाला, “मोठी आई, आई गेली.” मी म्हटलं, “बरं, निघते.” आणि मगात उरलेलं पाणी हळूहळू पेटीत घालून संपवलं. कुणाला हे कोरडं वाटेल. पण ते काम तिनंच मला सांगून ठेवलं होतं. ती परत यायची नाही म्हणून ते अर्धं टाकायचं काही कारण नव्हतं.

नंदा माझी धाकटी जाऊ. तिला बघायला इचलकरंजीला दिराबरोबर मीच गेले होते. ती देखणी, कॉलेज शिकलेली, पुढं कचेरीत नोकरी केली. मी चौथीतून शाळा सोडलेली. आमचं फार पटायचं असं मी म्हणणार नाही. सवय झाली एकमेकींची. दोघींचे नवरे गेल्यावर मंगळवार पेठेतल्या घरात आम्ही दोघीच उरलो. मग आजार तिच्या हाडांत उतरला. उताणं झोपवेना, उजवीकडं वळवेना. डाव्या कुशीवर पडून ती दिवसभर खिडकीकडं बघायची. एक दिवस म्हणाली, अक्का, बघायला काहीतरी हलणारं पाहिजे.

उशीपाशी खिडकीच्या कट्ट्यावर मावेल ती पेटी वीतभरच. तेव्हा तिला रिक्षात बसवत होतं, म्हणून दोघी फिशटँकच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, एवढ्याशा पेटीत मासा घालू नका, गुदमरतो. पाणगवत लावा आणि झिंगे सोडा. मग नंदानं जेवढी चौकशी मांडली, तेवढी तिची सोयरीक जुळवताना आम्ही केली नव्हती. लांब नांग्यांचे होते, ते दुसऱ्यांना खातात म्हणून नको. एक जात वाढून बोटाएवढी होते, तिला पेटी पुरायची नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मला आवडले, पण त्यांना गार आणि हलकं पाणी लागतं. आमचं बोअरचं पाणी जड, आणि चैत्र-वैशाखात घर तापतं. शेवटी लाल ठरले. नखाएवढे. मी म्हटलं, “एवढ्याची तर चटणीबी व्हायची न्हाय.” दुकानदार म्हणाला, “आजी, ही बघायची हायत, खायची न्हाईत.” नंदा हसली. बऱ्याच दिवसांनी.

पुढं तिला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. जाताना सांगून गेली, कमी होईल तेवढं पाणी बादलीतलं घाला, एक दिवस ठेवलेलं. मला वाटलं, जित्या जिवाला बादलीतलं कशाला? आम्ही तांब्याच्या घागरीतलं पाणी पितो, रात्री भरून ठेवलेलं. ते मी त्यांना घातलं, रोज पेलाभर. चौथ्या दिवशी सगळे आडवे. उन्हात वाळत घातलेल्या सुकटीसारखे.

दुकानदारानं कपाळावर हात मारला. तांबं त्यांना विष असतं म्हणे. मग म्हणाला, असलेच लाल परत नेऊन सोडा, बाईंना कळायचं नाही. खोटं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमवावंसं वाटलं... कोपऱ्यापर्यंत गेले, परत दुकानापाशी आले, आणि रिकाम्या हातानं घरी गेले.

नंदा आल्यावर पेटीत नुसतं गवत. तिनं विचारायच्या आधी मी सांगून टाकलं, “मेले सगळे. मी मारले. घागरीतलं पाणी घातलं.” तिनं बोटानं काचेवर टिचकी मारली. मग म्हणाली, “म्हणजे आपण पितो तेच घातलंसा की.” आणि वर, “आता तुम्हीच निवडून आणा.”

मी बिनरंगाचे आणले, दहा. काचेच्या तुकड्यासारखे, आरपार. दुकानदार म्हणाला, ह्यांना रंग नाही म्हणून कोण घेत नाही, पण लवकर मरत नाहीत. मला तेवढंच पाहिजे होतं. नंदानं विचारलं, लाल नव्हते का? मी म्हटलं, “होते की. देखणे टिकत न्हाईत.” बोलून गेले आणि मग कळलं, कुणापुढं बोलले. ती म्हणाली, “मग मला पसंत करताना हे न्हाई सुचलं व्हय?” आणि हाडं दुखेपर्यंत हसली.

पेटीत सोडल्याबरोबर ते दिसेनासे झाले. मी रोज उभी राहून बघायची, नुसतं गवत दिसायचं. ती मात्र सांगायची, आज सात दिसले, आज नऊ, एकानं कात टाकली, एक पानावर चढलाय. मला वाटायचं, ही माझं मन राखायला बोलते. लाल असते तर कसेही दिसले असते. पडल्या पडल्या बघायला तिला एकच गोष्ट हवी होती आणि मी आंधळ्यागत निवडून आणली... दोनदा म्हटलं, बदलून आणू का? ती म्हणाली, नको. दीड महिन्यानं परत दवाखान्यात गेली, ती गेलीच. माझ्या मनात ते राहिलं. रडणं वगैरे झालं, त्याचं काही नाही. हे मात्र राहिलं.

तेरावं झाल्यावर सुहास पुण्याला त्याच्या घरी परत गेला. मी तिची गादी उन्हात टाकायला त्या खोलीत गेले. कंबर भरून आली म्हणून तिथंच टेकले, मग डाव्या कुशीवर कलंडले. खिडकीतला उजेड पेटीच्या पाठीमागून येत होता. प्रत्येक झिंग्याची कड चमकत होती. मिशा दिसत होत्या, पोटातली काळी रेघ दिसत होती. सात मोजले, मग गवतात दोन, मग काचेवर एक. दहा.

नंदा खरं सांगत होती.

गादी उन्हात टाकायची राहिली ती राहिलीच. दुपारी आडवं व्हायची सवय मला जन्मात नव्हती, आता तासभर होते. उशी तिचीच ठेवली आहे. माझी उंच आहे, तिच्यावरून पेटीचा तळ दिसत नाही.