मुकादम सरांचा खिलाफतीचा धडा

मुकादम सर वर्गात पुस्तक कधी नेत नसत. सौदीतल्या हुफूफच्या आमच्या भारतीय शाळेत ते रिकाम्या हातांनी वर्गात शिरायचे आणि दार उघडंच ठेवायचे. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवत असे, त्यामुळे त्यांचा इतिहास मलाही पाठ झाला होता. माणूस दाभोळकडचा. मुलांशी हिंदी-इंग्रजी, माझ्याशी मात्र खाडीकाठची मराठी. "पाटणकर, गादीवर कोण बसलाय ते विचारू नका. हुकूम कोणाचा चालतो, ते बघा," असं नेहमी म्हणायचे.

त्या वर्षी ते तुर्की साम्राज्यातल्या सुधारणा शिकवत होते. मुलूख हातचे जाऊ लागले, तसा सुलतानानं खलिफाचा किताब घट्ट धरला. पुढे कायदे आले, लोकांची सभा आली. सभेनं सत्ता काढून घेतली, खलिफाकडे नुसतं नाव उरलं, आणि शेवटी तेही गेलं. "खिलाफत माणसांनीच वाढवली, माणसांनीच मोडली," सर म्हणाले. कुणीतरी तेवढंच वाक्य मोबाईलवर टिपलं. एका पालकाची तक्रार आली : धर्माचा अपमान.

शाळेच्या कमिटीनं बजावलं, वर्गापुढे माफी मागा, नाहीतर फायनल एक्झिट, म्हणजे कायमची मायदेशी रवानगी. नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जाणार, इकाम्याबरोबर विमा, आणि त्यांच्या बायकोचं, सकीनाभाभींचं, डायलिसिस त्या विम्यावर चाललेलं.

"सर, तुम्ही खोटं काय बोललात?" मी चिडून विचारलं.

"काय नाय. पण मंगळवारी तिला मशीनवर न्यायचीय ना!"

त्यांनी माफी मागितली. मग ते पुस्तक घेऊन जाऊ लागले. दार लावून, ओळीवर बोट ठेवून वाचायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर भाभी गेल्याच. दफनानंतर सर शाळेत आले, दार सताड उघडलं आणि तोच धडा पहिल्यापासून शिकवला. आवाज मधेच फाटत होता, पण थांबले नाहीत. मी खडू खाली ठेवला. तास संपल्यावर ते सरळ ऑफिसात गेले. "खलास. एक्झिट लावा माझी."

निघायच्या दिवशी ते मला कबरस्तानापाशी घेऊन गेले. मी फाटकाबाहेर थांबलो. तिथल्या कबरींवर नावं नसतात, नुसते दगड. सर आत जाऊन एका दगडापाशी बसले आणि तिथूनच हात उंच करून ओरडले, "ही बघा! नीट बघून ठेवा, पाटणकर! मना काय आता परत यायला मिळायचं नाय. दिसली?"

उन्हात सगळे दगड सारखेच होते.

"दिसली, सर," मी म्हटलं.