अळणी

आमच्या मांजरीला म्हातारपणाने नेलं, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. रामवाडीत आमच्या शेजारी, रोह्याला लेकीच्या सासरी, सगळीकडे. वर हेही सांगते की शेवटी शेवटी ह्यांनी तिला स्वतःच्या हाताने रांधून घातलं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघतो. आता मात्र जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

एकाच वेतातल्या दोन बहिणी होत्या. एक आम्ही पेणला ठेवली, दुसरी लेक लग्नानंतर रोह्याला घेऊन गेली. आमची चौदा वर्षांची झाली. बायको गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली, तेव्हा मांजर माझ्यावर सोपवून गेली. जाताना तिने मला नाही, मांजरीला सांगितलं, "मी येईपर्यंत राहा गो."

थोड्याच दिवसांत मांजर वाळायला लागली. गुरांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, मूत्रपिंडं थकलीत. पाकिटातलं खास खाणं देता येईल, किंवा घरी करून घाला. पण मीठ अजिबात नको, खारवलेलं तर नकोच. पाकिटाला ती तोंड लावेना. म्हणून मी कोंबडी उकडून, थोडा लाल भोपळा आणि भात कुस्करून द्यायला लागलो. ते तिने हुंगलं आणि पंजाने फरशी खरवडली, घाण पुरतात तशी.

पावसाळा चालू होता. होड्या बंद, ताजी मासळी नाही. फडताळात पावसासाठी साठवलेले खारे बांगडे होते. एक तुकडा तीनदा धुतला, उकळला, ते पाणी टाकून दिलं, पुन्हा उकळला आणि ते दुसरं पाणी वासापुरतं भातात कालवलं. मग बोटाने चाखून बघितलं. अळणी. पार अळणी. मांजरीने ताटली चाटूनपुसून लखलखीत केली. मला इतका आनंद झाला की लगेच बायकोला फोन लावला.

"खारट नाय ना होत?" तिने विचारलं.

"चाखूनच देतो गो."

"तुमच्या जिभेचं काय सांगता! मिठागरातली जीभ ती. माझ्या आमटीत मूठभर मीठ वरून घेता." ती हसली. मीही हसलो. डॉक्टर मिठाबद्दल काय म्हणाले, ते तिला सांगायचं राहिलं. राहिलं असं मी तेव्हा मनाला समजावलं.

माझं बालपण खाडीकाठी मिठाच्या वाफ्यांवर गेलं. बाप मीठ ओढायचा, आम्ही पोरं मिठाच्या ढिगावर बसून भाकरी खायचो. आम्हा माणसांना मीठ कमी पडलेलं तेवढं कळतं, जास्त झालेलं नाही. हे मला ठाऊक होतं. तरी रोज मी बोट बुडवून चाखायचो आणि निर्धास्त व्हायचो.

मग ती पाणी प्यायला लागली. आधी वाटीतलं, नंतर बादलीतलं, नंतर मोरीत साचलेलं. भर दुपारी घर शांत असायचं आणि आतून लप लप लप ऐकू यायचं. थांबायचंच नाही. मी पेपर वाचत बसायचो. पाणी पितेय ते बरंच आहे, असं म्हणायचो. बायकोने फोनवर विचारलं, "पाणी किती पिते?" मी म्हटलं, "नेहमीसारखी."

तिने खाणं सोडलं तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे नेली. त्यांनी विचारलं, "काका, खाण्यात मीठ?"

"छे! मी स्वतः चव घेऊन देतो."

त्यांनी मान डोलावली. पिशवीत मांजर घेऊन पायऱ्या उतरताना बायकोचं ते हसणं मला आठवलं. मी पायरीवर थांबलो. परत वर गेलो नाही. बायको पेणला यायच्या आत मांजर गेली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघं रोह्याला गेलो. लेकीने चहा टाकला. बायको मांडी न घालता खुर्चीत बसली होती. तेवढ्यात आतून आवाज आला. लप लप लप.

"हल्ली सारखी पाणी पिते," लेक म्हणाली. "वय झालं ना. पण जेवते छान. आईने सांगितलं तसंच करते, तुमच्यासारखं बांगड्याचं पाणी घालून. मला जरा खारट लागतं, बाबा. आई म्हणाली, बाबा चाखूनच द्यायचे, त्यांना नाय लागायचं."

बोलता बोलता लेक थांबली. बायको माझ्याकडे बघत होती. आत आवाज चालूच होता.

"ती ताटली उचल," मी म्हटलं. "आधी उचल." मग डॉक्टर मिठाबद्दल काय म्हणाले होते ते सांगितलं. पायरीवर थांबलो होतो तेही.

लेक ताटली घेऊन मोरीकडे पळाली. बायको म्हणाली, "मी फोनवर विचारलं होतं."

"व्हय."

"दोनदा विचारलं होतं."

रोह्याची मांजर अजून आहे. लेक आता तिच्यासाठी साधी उकडलेली कोंबडी करते आणि चव स्वतः घेते. बायको मात्र लोकांना अजून तेच सांगते, म्हातारपणाने गेली, ह्यांनी रांधून घातलं. फक्त आता ते सांगताना ती माझ्याकडे बघत राहते, मी खिडकीकडे वळेपर्यंत. आणि माझ्या ताटात मीठ वाढायचं तिने बंद केलंय. मी मागत नाही.