सरोवरापर्यंतचे दोन टायर

नागोयाला आम्ही आलो ते नवऱ्याच्या कामामुळे. मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर त्याची पुण्याची टीम करायची, त्यातल्या चारपाच जणांना इथे आणून बसवलं होतं. वर्षभरासाठी म्हणून आलो आणि बघता बघता तिसरं वर्ष लागलं. मुलगी सात वर्षांची, इथल्याच शाळेत जायची. मी घरी. माझ्या व्हिसावर ‘आश्रित’ अशा अर्थाचा शब्द होता. तो मला टोचायचा, पण त्यावर करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

आमच्या इमारतीला लागून एका आजोबांचं बैठं घर होतं. सत्तरी ओलांडलेले, पत्नी गेलेली, एकटेच राहायचे. आम्ही त्यांना ओजीसान म्हणायचो, ते मला ओकुसान म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे वहिनी म्हणतात तसं. मी कधी शिरा नेऊन द्यायची, ते परसातले मुळे आणून द्यायचे. त्यांच्या अंगणात एक पांढरा कॅम्पिंग ट्रेलर उभा असायचा. गाडीच्या मागे जोडून ओढून न्यायची, दोन चाकांवरची इवलीशी खोली. आत दोन बाक, शेगडी, हात धुवायला छोटं बेसिन. मुलगी शाळेतून येताना रोज त्याच्या खिडकीला नाक लावून उभी राहायची.

एका शनिवारी ओजीसाननी तिला दार उघडून आत बसवलं. अर्ध्या तासाने ती धापा टाकत वर आली.

“आई, ओजीसान तो भंगारात देणार आहेत. पण त्याच्याआधी एकदा आपल्याला बिवा सरोवरावर नेणार आहेत. इइ देश्यो, चालेल ना? जायचं ना?”

आम्ही आभार मानायला खाली गेलो. नवरा वाकून वाकून नमस्कार करत होता आणि माझी नजर सवयीने चाकांकडे गेली.

ही सवय वडिलांची. इचलकरंजीला अण्णांचं टायर रिमोल्डचं दुकान होतं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं काम. शाळा सुटली की मी तिथेच, टायरच्या चळतीवर बसून गृहपाठ करायची. अण्णा टायर हातात घेऊन सांगायचे, “वरची नक्षी काय, कुणालाही दिसते. साइडवॉल बघ, ही टायरची बाजूची भिंत. अंगठा दाबून बघ.” बी.कॉम. झाले, लग्न झालं, आणि ते सगळं मागे राहिलं असं मला वाटत होतं.

ओजीसानच्या ट्रेलरच्या टायरांची नक्षी कोरी होती. साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केससुद्धा अजून जागेवर होते. पण अंगठा दाबला तर साइडवॉलवर बारीक भेगांची जाळी उमटली. टायर कधी बनला त्याचे आकडे बाहेरच्या अंगाला दिसेनात, म्हणून मी टॉर्च मागून घेतला आणि सरळ खडीवर आडवी होऊन ट्रेलरखाली सरकले. नवरा म्हणाला, “अगं, काय करतेस? लोक बघतायत.”

आकडे आतल्या बाजूला होते. तीनच. दोन हजार सालापासून टायरवर चार आकडे येतात, पहिले दोन कितवा आठवडा ते सांगतात, पुढचे दोन कोणतं वर्ष ते. तीन म्हणजे त्याच्याही आधीचा, निदान आठनऊ वर्षांचा. दुसऱ्या चाकावरही तीनच.

हे मी मुलीला सांगितलं आणि तिने जपानीत ओजीसानना. ते थोडे गोंधळले.

“पण हे नवे आहेत,” ते म्हणाले. मग मुलीकडे न बघता, मला कळावं म्हणून अगदी सावकाश बोलू लागले. पत्नीबरोबर उत्तरेकडे मोठ्या सहलीला जायचं ठरलं होतं. त्यासाठी हे टायर घालून घेतले. त्याच महिन्यात ती आजारी पडली. नंतर ट्रेलर अंगणातून हललाच नाही.

मी “सुमिमासेन, माफ करा,” एवढंच म्हटलं आणि आम्ही घरी आलो. नवरा म्हणाला, “जवळच तर जायचंय. एवढं काय होतं?” मी फोनकार्ड काढलं आणि अण्णांना फोन लावला.

“अण्णा, टायर अजिबात धावलेला नाही. नुसता उभा आहे, आठदहा वर्षं.”

“मग तर वाईटच,” ते म्हणाले. “धावत्या टायरपेक्षा उभा टायर लवकर मरतो. हायवेवर तापला की फुटेल. तुझी पोरगी ओढणाऱ्या गाडीत असो नाहीतर मागून येणाऱ्या. सांगून टाक त्यांना, वाईट वाटलं तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. मुलीला मुद्दाम नेलं नाही. रात्री वहीत लिहून पाठ केलेली वाक्यं म्हटली. त्यातलं शेवटचं होतं, “मला तुमच्याबरोबर यायचं आहे, म्हणून सांगते.” ओजीसाननी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन टोपी घालून आले.

“चला,” ते म्हणाले, “तुम्हीच निवडा.”

टायरचं दुकान दहा मिनिटांवर होतं. ओजीसाननी आपल्या जुन्या व्हॅनला ट्रेलर जोडला आणि गल्लीबोळातून अगदी पायी चालल्यासारखा नेला. माझा नवरा मुलीला घेऊन मागून सायकलवर आला. मालक पन्नाशीचा, तेलकट टोपी घातलेला माणूस. त्याने माप बघून मोटारीच्या टायरांची एक जोडी काढली आणि माझ्या नवऱ्यासमोर ठेवली. “मऊ आहेत, आवाज करत नाहीत.”

नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

मी टायर फिरवून वजनाचा आकडा वाचला. किती भार पेलेल ते त्यावरून कळतं. “ओजीसान, आत काय काय असतं?”

ते बोटांवर मोजत सांगू लागले. पाण्याची टाकी. गॅसची टाकी. फ्रिज. गाद्या, तांदळाचा कुकर, दोन खुर्च्या. थोडं थांबून म्हणाले, “आणि तिचं लोखंडी भांडं. ते फार जड आहे.”

सगळा भार दोनच चाकांवर. मोटारीचा टायर काठावर चालला असता, पण काठावर. “माल नेणाऱ्या व्हॅनचे याच मापाचे आहेत का?” मी विचारलं. शब्द सगळे आले नाहीत, उरलेलं हाताने दाखवलं. साइडवॉल कडक हवी, वळणावर ट्रेलर डोलता कामा नये. ही चाकं इंजिन फिरवत नाही, त्यामुळे नक्षी साधी चालेल. आणि मागच्या खोलीत प्रवासात कुणी बसणार नाही, मग आवाज कुणाला ऐकू येणार?

मालक हसला. त्याने टोपी मागे सारली, गोदामात गेला आणि व्हॅनची जोडी घेऊन आला. मी आकडे वाचले. चार होते, तीन महिन्यांपूर्वीचे. त्याने अदबीने विचारलं, “हवा किती भरू?”

जुने टायर उतरवून भिंतीला टेकवले. त्यांचं काय करायचं, असं मालकाने विचारलं. ओजीसान त्यांच्यापुढे उभे राहिले. “यांना मी कुठे नेलंच नाही,” ते म्हणाले, आणि टोपी काढून टायरांना वाकून नमस्कार केला. मुलगीही त्यांच्या शेजारी जाऊन वाकली. “टाका,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही बिवा सरोवरावर गेलो. वाटेत दर थांब्यावर मी टायरवर हात ठेवून किती तापलेत ते बघत होते. पोचेपर्यंत ओजीसानही दुसऱ्या बाजूने तेच करू लागले. पाण्याच्या काठाला ट्रेलर लावला. त्या जड भांड्यात त्यांनी मासे आणि मुळे शिजवले, मी पोळ्या लाटल्या. नवरा मासे खात नाही, त्याने सगळे मुळे संपवले. भंगाराचा विषय ओजीसाननी काढला नाही, आम्हीही काढला नाही. परत येताना त्यांनी मुलीला विचारलं, “पुढच्या वेळी कुठे?” आणि ती समुद्र, डोंगर, आजीचं घर अशी यादी सांगत झोपून गेली.

नोव्हेंबर लागला. बर्फात चालणारे टायर घालून घ्यायला इथे दुकानांपुढे रांगा लागतात. एक दिवस ओजीसान निरोप घेऊन आले. टायरच्या दुकानाच्या मालकाला हिवाळ्यापुरता माणूस हवा होता, आठवड्याला थोडे तास. “त्याने विचारलंय, ट्रेलरवाल्या ओकुसान येतील का?”

‘आश्रित’ व्हिसावर काम करायचा सरकारी परवाना काढायला तीन आठवडे गेले. पहिल्या दिवशी मालकाने मला दोन नंबर मोठे निळे कपडे दिले आणि हातात खडू ठेवला. उतरवलेल्या प्रत्येक टायरवर तो कोणत्या बाजूचा, पुढचा की मागचा, ते लिहायचं काम. सकाळचे नऊ वाजले होते, बाहेर सहा गाड्या उभ्या होत्या. मी बाह्या दुमडल्या आणि पहिल्या गाडीजवळ जाऊन बसले.