बाकावरची नवी डॉक्टर

त्या दिवसांत माझं आणि गावदेवीचं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बोलत नव्हते. ती तर कधीच बोलत नाही. मी खाडीकाठच्या करावे गावची सून. लग्न होऊन आले तेव्हापासून कामावर जाताना देवळाशी थांबायचं, बाहेरूनच हात जोडायचे आणि दोन वाक्यांत घरची हालहवाल सांगून पुढे जायचं, असा माझा नेम. पण त्या महिन्यात मी मान खाली घालून देवळासमोरून सरळ निघून जात होते. नवऱ्यावर रुसलं तर निदान तो चहा तरी करून आणतो. देवीवर रुसून काय मिळणार, हे मलाही कळत होतं, तरी रुसले होते.

कारण होतं आमचा दवाखाना. गावाच्या तोंडाशी आमच्या डॉक्टरांचा जुना दवाखाना आहे, तिथे बाहेरच्या टेबलावर मी बसते. नंबर लावणं, फोन घेणं आणि ‘मी आधी आलो’ची भांडणं सोडवणं, ही माझी कामं. आत डॉक्टर, ड्रेसिंग-इंजेक्शनला सिस्टर आणि एखादा शिकाऊ डॉक्टर. हो, आमचा दवाखाना एवढासा असला तरी तिथे डॉक्टर घडतात. एका हॉस्पिटलातून फॅमिली डॉक्टर होऊ बघणारी मुलं-मुली काही महिने आमच्याकडे शिकायला येतात. हॉस्पिटलात त्यांना पेशंट आडवा भेटतो. आमच्याकडे तो चालत येतो आणि वर वाद घालतो. तेव्हा कसं वागायचं, हे त्यांना डॉक्टर शिकवतात, आणि डॉक्टरांचं लक्ष नसेल तेव्हा मी शिकवते.

शिकवण्याची डॉक्टरांची एक पद्धत आहे. नवीन आलेल्याने सुरुवातीचे काही दिवस आत पाऊल टाकायचं नाही. कोट नाही, गळ्यात नळी नाही. साध्या कपड्यांत बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये बसायचं आणि आपण कोण हे कुणाला सांगायचं नाही. लोक डॉक्टरांना काय सांगतात आणि एकमेकांना काय सांगतात, यातला फरक आधी कळू दे, असं त्यांचं म्हणणं. बाकावर असेपर्यंत आम्हीही त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत नाही, नुसतं दादा किंवा ताई म्हणतो. गंमत म्हणून मी अधूनमधून त्यांना कामालाही लावते. कुणाची पिशवी धर, कुणाला वजनकाट्यावर उभं कर. बिचारे मुकाट्याने करतात.

तर हे सगळं बंद पडायची वेळ आली होती. आमच्या कुसुमसिस्टर निवृत्त होऊन लेकाकडे कोकणात गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी मिळेना. शिकलेल्या मुली मोठ्या हॉस्पिटलांत जातात, आमच्या दोन खोल्यांत कोण येणार? हॉस्पिटलाने कळवलं, की दवाखान्यात रीतसर शिकलेली सिस्टर नसेल, तर या खेपेनंतर शिकाऊ डॉक्टर पाठवता येणार नाहीत. डॉक्टरांनी सत्तरी ओलांडलेली, गुडघे बोलतात, शिकाऊंच्या हातांशिवाय एवढी गर्दी त्यांना झेपत नाही. एक दिवस टेबलाशी येऊन ते शांतपणे म्हणाले, “दिवाळीला शटर ओढून घेऊ. पुष्कळ झालं.” मी हसून उडवून लावलं आणि मोरीत जाऊन रडले.

त्याआधी मी देवीला साकडं घातलं होतं, तेही अगदी तपशीलवार. सिस्टर हवी, नर्सिंग शिकलेली हवी, जवळ राहणारी हवी, मराठी बोलणारी हवी, लग्न होऊन लगेच जाणारी नको. खण-नारळाने ओटीही भरली. मग वाट पाहिली, आणि कुणीही आलं नाही. म्हणून तो रुसवा.

त्या सोमवारी बहुधा शेवटची म्हणूनच एक शिकाऊ डॉक्टर यायची होती. मी दार उघडलं, तर बाकाच्या टोकाला एक अनोळखी बाई बसलेली. चाळिशीच्या आतबाहेरची, साधा पंजाबी ड्रेस, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. नंबर लावायला उठली नाही, नावही सांगितलं नाही. सगळ्यांकडे मात्र टक लावून बघत होती. शिकाऊ डॉक्टर एवढ्या वयाची कशी, हे माझ्या मनात आलं. पण मागे एक असाच थोराड, दोन मुलांचा बाप आला होता. मी तिच्याकडे बघून ओळखीचं हसले. तीही गोंधळून हसली. झालं, माझी खात्री पटली.

डॉक्टर गावात एका म्हाताऱ्यांना बघायला घरी गेले होते. तेवढ्यात बाहेर गलका झाला आणि खाडीवर मासळीला जाणाऱ्या हिराबाई नातीला कडेवर घेऊन आत घुसल्या. पोरीचा पाय रक्ताने माखलेला.

“कालवांवर पाय परला गो हिचा! रगत थांबत नाय. डाक्तर कुठं हाय?”

कालवांचे शिंपले पात्यासारखे धारदार. पोर किंचाळत होती, हिराबाई तिच्यापेक्षा मोठ्याने. सिस्टर नाही, डॉक्टर नाहीत. मी डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच दमात बाकाकडे वळून ओरडले, “अहो ताई, बसलाय काय? इकडे या!”

ती बाई उठली. आधी जरा अडखळत, पण ड्रेसिंगच्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि तिच्यात काहीतरी बदललं. कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे घातले, पोरीला झोपवून पाय वर धरला, जाड गॉज जखमेवर दाबून धरलं. “तुझं नाव काय गं? खाडीवर काय काय पकडलंस?” असं विचारत राहिली. पोर हुंदके देत चिंबोऱ्यांची माहिती देऊ लागली. हिराबाईंना ती म्हणाली, “आजी, तुम्ही तिच्या उशाशी बसा, तुमचा हात तिच्या कपाळावर ठेवा.” आणि हिराबाई चक्क गप्प बसल्या. त्यांना गप्प बसलेलं करावे गावाने कधी पाहिलेलं नाही.

डॉक्टर धापा टाकत आले. जखम धुऊन बघितली, टाके घालायला बसले. डॉक्टरांनी हात पुढे करावा आणि हवी ती वस्तू त्यात यावी, असं चाललं होतं. कुसुमसिस्टर गेल्यापासून मी हे पाहिलं नव्हतं. सगळं आटोपल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि मला हळूच विचारलं, “या कोण?”

“कोण म्हणजे? आपली नवीन डॉक्टर!”

“नवीन डॉक्टरचा मला आत्ता फोन आला होता. ती रस्ता चुकून पार तिकडे नावड्याला पोचलीय.”

मी कपाळाला हात लावला. ती बाई हातमोजे काढत दारात उभी होती, ओशाळून म्हणाली, “अहो, मी पेशंट आहे. झोपेच्या गोळ्या लिहून घ्यायला आले होते. डॉक्टर नाहीत म्हटल्यावर नंबर लावावा की नाही, ते कळेना.”

हिराबाई आतून म्हणाल्या, “पेशंट असू दे नायतर कोन पन असू दे. बाय, हात हलका हाय तुजा!” मग जे हसू फुटलं, ते थांबेना. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. पायाला पट्टी बांधलेली पोरसुद्धा हसत होती.

चहा मागवला आणि एकेक गोष्ट कळत गेली. शोभाताई त्यांचं नाव. मूळच्या सांगलीकडच्या, नवरा न्हावा शेवा बंदरात कामाला, म्हणून इथे जवळच सीवूड्सला घर. आधी सांगलीच्या हॉस्पिटलात बरीच वर्षं सिस्टर होत्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली आणि त्यांचं सगळं केलं. सासूबाई गेल्या, आणि तेव्हापासून यांची झोप उडाली. डॉक्टरांनी त्यांचं बीपी बघितलं, छाती तपासली, थोडा वेळ बोलले आणि म्हणाले, “गोळी आज देत नाही. उद्या सकाळी या, काम आहे.”

शोभाताईंनी ओढणी नीट केली आणि विचारलं, “किती वाजता?”

नोंदणीचे कागद ताजे करून घेणं, हॉस्पिटलाचे लोक येऊन बघून जाणं, हे सगळं यथावकाश झालं. ते लोक खूश होऊन गेले आणि दिवाळीला आम्ही शटर ओढलं नाही, त्याच्यावर तोरण लावलं. रस्ता चुकलेली ती मुलगी आता आत बसून पेशंट तपासते आणि शोभाताई तिला पट्टी कशी सुटणार नाही ते दाखवतात.

मी मात्र पुरी फुशारले होते. माझी ओटी पावली, माझा रुसवा देवीला सोसला नाही, असं ज्याला-त्याला सांगत सुटले होते. एकदा दुपारी दवाखाना रिकामा असताना शोभाताईंनाही ऐकवलं. त्या कात्र्या पुसत होत्या, पुसायच्या थांबल्या. म्हणाल्या, “मीपण त्याच देवळात गेले होते. इथे यायच्या आदल्या संध्याकाळी. मला काय मागावं तेच सुचेना. सासूबाई दिवसभर हाक मारायच्या, तेव्हा वैताग यायचा. आता घरात कुणी हाकच मारत नव्हतं. म्हटलं, आई, मला कुणीतरी हाक मार.”

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले आणि रडता रडता आम्ही दोघी हसत सुटलो.

ही देवीची करणी की नुसता योग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की मी ओटी भरून हुकूम सोडत होते, जणू तिच्या दारात मी एकटीच उभी आहे. माझ्या शेजारी आणखी कुणी हात जोडून उभं असेल, हे माझ्या गावीही नव्हतं. तिने दोघींचं एकदमच ऐकलं, आणि शोभाताईंना मारायची ती हाक माझ्या या भांडकुदळ तोंडून मारून घेतली.