कानाडोळा

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक दिवसभर एकच प्रश्न विचारत. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जड गोल फ्रेम चढवायची, समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, फ्रेमच्या खाचेत एक काच सरकवायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं की हे?" हा प्रश्न त्यांच्या जिभेला असा चिकटला होता की शर्ट निवडताना ते आरशालाही तोच विचारत.

गल्लीत मात्र त्यांना चष्मेवाले कुणी म्हणत नसे. गल्ली त्यांना कानसेन म्हणे. नाव थट्टेनं पडलं होतं, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. डोळे हा पोटापाण्याचा धंदा, खरा जीव कानात, असं ते स्वतःच सांगत. घराची पुढची खोली गाणी ऐकण्यासाठी होती. म्हणजे ती होती सगळ्यांची, पण सोफा आवाज खातो म्हणून तो झोपायच्या खोलीत गेला, फुलदाणी झणझणते म्हणून कपाटात गेली, आणि उरली एक खुर्ची. ती कुठे ठेवायची याच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीनं केलेल्या होत्या. केर काढताना खुर्ची बोटभर सरकली तरी कानसेनांना संध्याकाळी गायिका डावीकडे कललेली ऐकू येई.

बायको सकाळी दुकानात गल्ल्यावर बसे, त्यामुळे नवऱ्याच्या धंद्यातल्या खुब्या तिला पाठ होत्या. एक खुबी तिच्या फार आवडीची. काही गिऱ्हाइकांचा नंबर तसूभरही हललेला नसे, पण नवा चष्मा हवाच असा हट्ट असे. मग कानसेन काच बाहेर काढत, फडक्यानं पुसत आणि तीच काच परत खाचेत बसवत. "आता?" "वा! आता कसं लख्ख दिसतंय!" "ही तुमची जुनीच काच हो," असं हसत सांगून ते त्याला घरी पाठवून देत. लबाडीचा नवा चष्मा त्यांनी कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. आणि कुणी वयस्कर माणूस तक्रार करू लागला की हल्ली वर्तमानपत्रं फार बारीक टाइपात छापतात, तर ते आवाज खाली आणून म्हणत, "छपाई बारीक झालेली नाही काका. वय झालंय. त्यात लाजायचं काय?" ते हे इतक्या मायेनं म्हणत की कुणालाच राग येत नसे.

तर असा शहाणा माणूस घरी आला की पार बिघडत असे.

लग्नानंतर गाण्यांचा पहिला सेट आला तो मुलगी जन्मून शाळेत जाऊ लागेपर्यंत टिकला. त्यानंतरचा तिच्या कॉलेजपर्यंत. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि मग वेग वाढला. दर वर्षाला काहीतरी बदलू लागलं, आणि हल्ली तर ऋतू बदलला की ॲम्प्लिफायर बदलायचा. मनगटाएवढ्या जाड वायरी आल्या. स्पीकरखाली दगडी लाद्या आल्या. तक्रार दर वेळी एकच असे, "वरचे सूर मंद झालेत. मध्ये पडदा आल्यासारखा वाटतो." नवीन वस्तू आली की कानसेन डोळे मिटून म्हणत, "सरकला! पडदा सरकला!" आणि काही महिन्यांनी पडदा परत आपल्या जागी येऊन लोंबू लागे.

बायकोनं 'खरेदी' हा शब्द काढला की त्यांना ते झोंबे.

"ही खरेदी नाही गं. ही पायरी आहे. माणूस पायरी-पायरीनंच वर जातो."

"मग या जिन्याला गच्ची आहे की नाही, तेवढं सांगा. म्हणजे मी कपडे तरी वाळत घालीन."

"हा शेवटचा. कानाला खडा लावतो."

"खडे लावून लावून तुमच्या कानात एव्हाना खडी भरली असेल," ती म्हणे.

या जिन्यावर त्यांना एक सोबती होता, दातांचा डॉक्टर. कानसेन एक पायरी चढले की त्यांनी रिकाम्या केलेल्या पायरीवर डॉक्टर येऊन बसे. म्हणजे जुना ॲम्प्लिफायर त्याच्या घरी जाई आणि कानसेनांना नव्यासाठी मोकळं रान मिळे. दोघं संध्याकाळी डोळे मिटून बसत आणि एकमेकांना सांगत की गायिकेनं श्वास कुठे घेतला तोसुद्धा कळतोय.

तो श्वासच बायकोला टोचत असे. कारण हल्ली तिच्या हाकेला उत्तर येईनासं झालं होतं. आधी 'हं' उशिरा येऊ लागलं, मग अर्धं येऊ लागलं, मग बंदच झालं. ती स्वयंपाकघरातून सांगे, "अहो, दार वाजतंय, बघा जरा," आणि पुढच्या खोलीत शांतता. ज्या माणसाला कुठल्या परक्या बाईचा श्वास ऐकू येतो त्याला घरच्या बाईची हाक ऐकू येऊ नये? म्हणजे हा कानाडोळा. सरळसरळ कानाडोळा. दिवसभर डोळे तपासायचे, संध्याकाळी कान लावून बसायचं आणि बायकोच्या वाट्याला दोन्ही मिळून कानाडोळा!

तिनं भांडण काढलं नाही. तिनं पुटपुटायला सुरुवात केली. "आले महाराज." "बसा, मांडा दरबार." "नवा खोका आलाय, आता त्याच्याशीच संसार करा." कांदा चिरता चिरता मनात येईल ते बोलायचं आणि कुणी खोडून काढायचं नाही, याची तिला हळूहळू चटक लागली. काही शेरे तर इतके झकास जमत की ऐकायला कुणी नाही याचं तिला वाईट वाटे. पण भांडी आवरून झाली, हात पुसले, की एकच प्रश्न उरे. आपण या माणसाला नकोशा झालो आहोत का? याचं उत्तर तिला हवं होतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

अशात नवा ॲम्प्लिफायर आला. वर काचेच्या नळ्या, आत केशरी उजेड, आणि वजन एवढं की कानसेन आणि डॉक्टर दोघांनी मिळून उचलताना डॉक्टरची पाठ धरली. कानसेनांनी बटण दाबलं. नळ्या उजळल्या आणि लगेच एक बारीक शिट्टी सुरू झाली. टोकदार, न थांबणारी, सरळ मस्तकात जाणारी. खिडकीतल्या मांजरानं कान पाडले, खोलीकडे एकदा बघितलं आणि ते उडी मारून निघून गेलं.

बायको हातातलं झाकण तसंच घेऊन धावत बाहेर आली. "अहो, काय वाजतंय हे?"

"काही नाही वाजत. अजून रेकॉर्ड कुठे लावलीय?" कानसेन एकेक शब्द चाखत म्हणाले. "ही शांतता आहे. आधी शांतता ऐकायची असते. आपल्या जुन्यात ही नव्हती."

"काय शांतता आहे!" डॉक्टर पाठ चोळत म्हणाला. "काळीभोर!"

तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरची शेजारीण दोन्ही कानात बोटं घालून उभी होती. "वहिनी, किटली ठेवून विसरलात का? मघापासून शिट्टी मारतेय."

बायकोनं नुसतं खोलीकडे बोट दाखवलं. त्या जीवघेण्या शिट्टीत दोन जाणकार डोळे मिटून माना डोलवत बसले होते. शेजारणीनं तोंडावर हात दाबला, बायकोलाही हसू फुटलं आणि दोघी दाराची चौकट धरून खूप वेळ खिदळल्या. मग बायकोचं हसू मध्येच थांबलं. पडदा, मंद सूर, न आलेलं 'हं', सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत उभं राहिलं. ऐकू येत नाही, की ऐकायचं नाही? आज याचा निकाल लावायचाच, असं तिनं ठरवलं.

डॉक्टर गेल्यावर ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली. जुना ॲम्प्लिफायर अजून शेजारीच होता, पाठीमुळे डॉक्टरनं तो आज नेला नव्हता.

"अहो, मी बदलून बदलून लावते. तुम्ही डोळे मिटून सांगा. हे बरं की हे?"

बायकोला गोडी लागली! कानसेनांचा चेहरा उजळला. ते ताठ बसले आणि डोळे घट्ट मिटले.

तिनं रेकॉर्ड लावली. मग जुन्याचं बटण उगीच दोनदा खटखटवलं आणि नव्याला हातही लावला नाही. "आता?"

"हां! हा नवा! पडदा सरकला बघ. मघाशी गाणारी बाई शेजारच्या खोलीत होती, आता इथं आलीय."

तिनं पुन्हा नुसतं खटखट केलं. "आणि आता?"

"हा जुना. कळतंच की गं. बिचारी परत शेजारी गेली."

तीच काच. बायकोला हसू आवरेना, पण तिला हवं होतं ते अजून बाकी होतं. तिनं सगळं बंद केलं. शिट्टी थांबली, गाणं थांबलं, खोलीत खरोखरची शांतता झाली. कानसेन मान किंचित तिरकी करून, जीव एकवटून, आता ती काय लावते याची वाट बघत होते. ती हळूच स्वयंपाकघरात गेली आणि रोजच्या आवाजात रोजच्यासारखीच म्हणाली, "अहो, चहा घेता का?"

उत्तर आलं नाही.

तिनं डोकावून पाहिलं. ते तसेच बसले होते, कान टवकारून. इतकं मन लावून ऐकत होते आणि ऐकू आलं नव्हतं. म्हणजे कानाडोळा नव्हताच कधी! तिला इतका आनंद झाला की आपण हसतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही. मग त्या आनंदाची तिला लाज वाटली आणि डोळे भरून आले. ती येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"डोळे उघडा. दोन्ही वेळा तीच काच होती."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग स्वतःचीच खुबी ओळखून ते कानापर्यंत लाल झाले.

"आणि ती शिट्टी?" तिनं विचारलं.

"कसली शिट्टी?"

"मांजर पळालं, वरच्या वहिनी खाली आल्या, ती शिट्टी."

कानसेन आधी नव्या ॲम्प्लिफायरकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले. चेहरा एकदम लहान झाला. गल्लीनं दिलेली पदवी कुणीतरी भर चौकात काढून घ्यावी तसं त्यांना वाटलं असणार. तिला त्यांची फार कणव आली. तिनं त्यांचा हात धरला आणि अगदी त्यांच्यासारखाच आवाज खाली आणून म्हटलं, "छपाई बारीक झालेली नाही हो. वय झालंय. त्यात लाजायचं काय?"

"काय?" ते म्हणाले.

मग तिला तेच वाक्य ओरडून म्हणावं लागलं. मायेचं वाक्य ओरडून म्हटलं की ते दम दिल्यासारखं वाटतं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवून नीट ऐकायला बसल्याचा आवाज आला. तो फक्त तिनं ऐकला.

कानसेनांनी खुर्ची चिकटपट्टीच्या खुणेवरून पुढे, तिच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "तू हाका मारायचीस मला?"

"रोज."

"मला वाटलं, तू बोलणंच टाकलंस. पायऱ्यांवर चिडून. घर फार गप्प वाटायचं, म्हणून मी आवाज वाढवायचो."

तिनं नुसता त्यांचा हात दाबला.

पुढच्या आठवड्यात ती त्यांना कान तपासायला घेऊन गेली. आवाज आला की बटण दाबा, असं तिथल्या मुलीनं सांगितलं, तर कानसेन तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजानं बटण दाबू लागले. शेवटी बायकोनं त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली. कानात यंत्र बसवून ते जुळवताना ती मुलगी म्हणाली, "आता कसं वाटतंय काका? हे बरं की हे?" कानसेनांनी संशयानं तिच्या बोटांकडे पाहिलं. "तेच तर परत लावलं नाहीस ना?"

घरी येऊन त्यांनी हौसेनं नवा ॲम्प्लिफायर लावला आणि शिट्टी ऐकून खुर्चीतून उडाले. दुसऱ्याच दिवशी तो खोका आला त्या दुकानात परत गेला. डॉक्टरला जुना मिळाला नाही. त्याच्याऐवजी कान तपासणाऱ्या मुलीचा पत्ता मिळाला.

त्या संध्याकाळी कानसेन जुना सेट लावून खुर्चीत बसले. बायको स्वयंपाकघरात कांदा चिरू लागली आणि सवयीनं पुटपुटली, "बसले महाराज. मांडा दरबार. आता म्हणतील, कानातल्या यंत्राचंही वरचं मॉडेल आलंय."

"आलंय," पुढच्या खोलीतून आवाज आला. "पण महाराज सध्या याच पायरीवर बसणार आहेत. दरबारात चहा पाठवा."

तिच्या हातातली सुरी थांबली. कालपासून, यंत्र आल्यापासून आपण काय काय पुटपुटलो ते आठवून तिच्या अंगावर काटा आला. डॉक्टरवरचा शेरा तर आज सकाळचाच होता, आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

मग ती हळूच म्हणाली, "अहो."

"काय गं?"

"काही नाही."

तिनं चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळेपर्यंत तिला काहीही नको होतं, तरी तिनं पुन्हा एकदा हाक मारली.